थंडीची लाट येऊन गेल्यावर खाडीत मासा गळाला का लागत नाही?

दर हिवाळ्यात एकच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. गेल्या आठवड्यापर्यंत ज्या जागी भरवशाने मासे मिळत होते, तीच जागा कडाक्याच्या थंडीच्या दोन रात्रींनंतर ओस पडली. आमिषे बदलून पाहिली, दोरा बदलून पाहिला, तरी दिवसभरात एकही ओढ जाणवली नाही. तक्रार करणारा बहुधा असे धरून चालतो की मासे खाडी सोडून समुद्रात निघून गेले. काही जाती खरोखरच तसे करतात. पण पुष्कळदा मासे त्याच खाडीत, आपण उभे असतो तिथून काहीशे मीटरांवर, निराळ्या खोलीवर असतात आणि दिवसाच्या निराळ्या वेळी थोडेसे खातात. आपण मात्र पावसाळा संपतानाची जागा आणि तीच वेळ धरून बसलेलो असतो.

येथे खाडी म्हणजे तीन बाजूंनी जमिनीने वेढलेली, एका मुखाने समुद्राशी जोडलेली, कडेला उथळ चिखलाचे किंवा रेतीचे पट्टे आणि मधून एखादा खोल चर असलेली जागा, असे समजावे. उघड्या समुद्रकिनाऱ्याचे गणित वेगळे असते आणि पुढील विवेचन त्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. गरवायला बसणाऱ्याचा हात रिकामा राहिला की तो सर्वप्रथम आमिषाच्या डब्याकडे वळतो. माझ्या मते तपासणीचा क्रम नेमका उलटा असला पाहिजे: आधी पाण्याचे तापमान, मग पाण्याची पातळी, मग प्रवाहाची दिशा आणि वेळ, त्यानंतर आमिष ओढण्याचा वेग, आणि सर्वांत शेवटी आमिष.

हवा नव्हे, पाणी मोजा

माशाला हवेतील थंडीशी काही देणेघेणे नसते. त्याच्या शरीराचे तापमान बहुतेक जातींमध्ये भोवतालच्या पाण्याइतकेच असते, आणि ते १० अंश सेल्सिअसने उतरले की चयापचयाचा वेग साधारणपणे निम्म्यावर, कधी एकतृतीयांशावर येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की जो मासा उबदार पाण्यात रोज पोटभर खात होता, त्याला आता तेवढेच अन्न पचायला कितीतरी अधिक वेळ लागतो. त्याला भूक कमी वेळा लागते आणि भक्ष्यामागे लांबवर धावणे त्याला परवडत नाही.

आता पाणी किती झपाट्याने थंड होते ते पाहू, कारण सगळी गोम येथेच आहे. सारख्याच घनफळाची हवा आणि पाणी घेतले, तर पाणी हवेपेक्षा तीन हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवते. त्यामुळे खोल पाणी सावकाश निवते आणि उथळ पाणी चटकन निवते. समजा, जोराचा कोरडा वारा आणि निरभ्र रात्र यांमुळे पाण्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सरासरी २०० वॅट उष्णता बाहेर पडत आहे. अशा स्थितीत १ मीटर खोलीचे पाणी एका दिवसात सुमारे ४ अंशांनी उतरते, तर ४ मीटर खोलीचे पाणी त्याच काळात जेमतेम १ अंशाने उतरते. दोन दिवस असे गेले की उथळ पट्टा ८ अंशांनी थंड झालेला असतो आणि शेजारचा चर २ अंशांनी. मासा हा फरक ओळखतो आणि चराकडे सरकतो. आपली जागा ओस पडण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा एवढे साधे असते.

म्हणून पहिला उपाय तापमापक हा आहे, आणि तो तळाशी उतरवता आला पाहिजे. होडीवरील फिशफाइंडरचा (ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्राचा) आकडा पृष्ठभागाजवळच्या पाण्याचा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मी स्वतः दोन हिवाळे त्या आकड्यावर विसंबून काढले. पडद्यावर ७ अंश दिसले की गाशा गुंडाळून परतायचे, असा माझा नियम होता. पुढे एकदा तळाचे पाणी वर काढून मोजले तेव्हा चरात १० अंशांहून अधिक तापमान निघाले आणि दोन हिवाळ्यांत मी किती चांगले दिवस वाया घालवले याचा अंदाज आला.

वरचे पाणी गार आणि खालचे उबदार, हे कसे शक्य आहे? गोड्या पाण्याच्या तळ्यांविषयी शाळेत शिकलेला नियम येथे आड येतो. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, म्हणून गोठत्या तळ्याच्या तळाशी ४ अंशांचे पाणी साठते. समुद्राच्या पाण्याचे तसे नाही. क्षारता दर हजारी सुमारे २४.७ भागांहून अधिक असेल, तर पाणी गोठेपर्यंत जड होतच जाते, आणि दर हजारी ३५ भाग क्षार असलेले पाणी गोठते ते सुमारे उणे १.९ अंशांना. म्हणजे केवळ तापमानाचा विचार केला तर खाऱ्या खाडीत निवलेले पाणी खाली बुडायला हवे. परंतु खाडीत एखादी नदी किंवा ओढा येऊन मिळत असेल, तर त्याचे गोडसर, गार पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते आणि खाली समुद्राचे खारट, तुलनेने उबदार पाणी चराच्या तळाशी टिकून राहते. क्षारांमुळे आलेला जडपणा येथे तापमानावर मात करतो. ज्या खाडीत गोडे पाणी येत नाही तेथे मात्र वारा आणि निवलेले पाणी मिळून सगळे थर एकजीव करतात आणि चराचा फायदा केवळ त्याच्या खोलीपुरता उरतो. आपली खाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे एका दिवसाच्या मोजमापाने कळते आणि ते ज्ञान पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

मोजण्याची माझी पद्धत साधी आहे. जाड काचेच्या अरुंद तोंडाच्या बाटलीला शिसे बांधावे, बुचाला वेगळी दोरी लावावी, बाटली तळाशी गेल्यावर बूच हिसक्याने काढावे, दोन-तीन मिनिटे थांबून वर ओढावी आणि लगेच तापमापक आत घालावा. उघडा तापमापक दोरीला बांधून वर खेचला तर वाटेतल्या पाण्याने त्याचा आकडा बदलतो. उथळ पट्टा, चराची कड आणि चराचा तळ अशा तीन ठिकाणची नोंद पुरेशी आहे.

कोणता आकडा चांगला, हा प्रश्न जातीवाचून निरर्थक आहे. उष्ण प्रदेशातील स्नूक हा मासा सुमारे १४ अंशांना खाणे थांबवतो आणि त्याहून एक-दोन अंश खाली गेले की त्याला शरीराचा तोलही सावरता येत नाही. उलट उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील विंटर फ्लाउंडर नावाचा चपटा मासा ऐन हिवाळ्यात उथळ खाड्यांमध्ये अंडी घालायला येतो, कारण त्याच्या रक्तात गोठण्यास विरोध करणारी प्रथिने असतात. म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावरील कोणाचा ‘जादूचा आकडा’ आपल्या खाडीवर लादू नये. मला उपयोगी वाटते ती गोष्ट आकड्यापेक्षा त्याची दिशा आहे: तळाचे तापमान सलग दोन दिवस उतरत असेल तर मासा गप्प राहतो, आणि ते जेमतेम अर्ध्या-एक अंशाने चढू लागले की, आकडा उतरतानाच्या दिवसांतलाच असला तरी, तोच मासा खायला लागतो.

पाणी नेहमीच्या जागी आहे का?

थंडीच्या लाटेबरोबर हवेचा दाब वाढतो आणि वारा जमिनीकडून वाहू लागतो. या दोन्ही गोष्टी खाडीतील पाण्याची पातळी खाली नेतात. हवेचा दाब १ मिलिबारने वाढला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने उतरते. दाब १००० वरून १०३० मिलिबारवर गेला तर ३० सेंटिमीटर पाणी केवळ त्यामुळेच कमी होते. वाऱ्याचा परिणाम उथळ खाडीत याहूनही मोठा असू शकतो, कारण पातळीतील तिरकेपणा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पाणी जितके उथळ तितका तो अधिक असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर परिणाम चौपट होतो.

याचा अर्थ असा की भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेली उंची आणि प्रत्यक्षातील उंची यांत त्या दिवशी अर्ध्या मीटरचाही फरक पडू शकतो. तक्ता चंद्र-सूर्याचे गणित सांगतो. त्या दिवशीचा वारा त्याला ठाऊक नसतो. ज्या पाणगवताच्या पट्ट्यावर भरतीच्या वेळी गुडघाभर पाणी असायचे, तेथे घोटाभरच उरते आणि मासा त्यावर येतच नाही. अशा दिवशी नेहमीच्या जागी उभे राहून आमिष बदलत बसणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखे आहे.

उपाय म्हणून एखाद्या कायमच्या खांबावर किंवा धक्क्याच्या भिंतीवर आपली स्वतःची खूण ठरवून ठेवावी आणि पोचल्याबरोबर ती पाहावी. पाणी खुणेच्या बरेच खाली असेल तर उथळ भाग सरळ सोडून द्यावा आणि चराची कड, चराला येऊन मिळणाऱ्या लहान ओहोळांची तोंडे आणि दोन चर एकत्र येतात तेथील खोल डोह यांकडे वळावे. पाणी उतरल्याने मासे थोड्या जागेत गोळा झालेले असतात, त्यामुळे जागा सापडली तर हा दिवस वाईट नसून उलट चांगला ठरतो. होडीने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की परतीच्या वाटेवरील उथळ जागा त्या दिवशी होडी अडवू शकते.

येणारे पाणी उबदार आहे की गार?

या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेक चुकलेले दिवस याच एका गोष्टीमुळे चुकतात. भरतीला मासे मिळतात किंवा ओहोटीला मिळतात, असे ठाम सांगणारे लोक भेटतात आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. फरक हिवाळ्याच्या कोणत्या भागात ते गेले होते यात असतो.

हिवाळ्याच्या पहिल्या भागात खाडी समुद्रापेक्षा लवकर निवते, कारण ती उथळ आहे. बाहेरचा खोल समुद्र अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतो. अशा वेळी भरतीबरोबर मुखातून आत येणारे पाणी खाडीतील पाण्यापेक्षा दोन-चार अंशांनी उबदार असू शकते, आणि मासे मुखाजवळच्या चरात, विशेषतः भरतीच्या मधल्या दोन-तीन तासांत, खाण्यासाठी पुढे येतात. या काळात आतील टोकाला बसणारा रिकाम्या हाताने परततो आणि मुखाजवळचा खूश असतो.

हिवाळा सरताना चित्र पालटते. ऊन वाढते, उथळ खाडी आता समुद्रापेक्षा लवकर तापते, आणि समुद्र मात्र वर्षातील सर्वांत थंड अवस्थेत असतो. आता भरती गार पाणी आत आणते आणि ओहोटी आतल्या चिखलावर तापलेले पाणी बाहेर आणते. मासे मग खाडीच्या आतील टोकाला, काळसर चिखलाच्या पट्ट्यांतून निघणाऱ्या ओहोळांच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी थांबतात. काळा चिखल ऊन शोषून घेतो, पांढरी रेती ते परतवते. दोन्ही पट्टे शेजारी शेजारी असतील आणि पाणी स्वच्छ व उथळ असेल तर दुपारी चिखलावरचे पाणी हाताला देखील कोमट लागते. कालवांच्या खडकांचे तसेच आहे, शिवाय त्यांच्या फटींमध्ये लहान खेकडे आणि कोळंबी दडलेली असते.

हा पालट नेमका कधी होतो हे कॅलेंडरवरून सांगता येत नाही. मुखाशी एकदा आणि आतल्या टोकाला एकदा असे मोजून दोन आकड्यांची तुलना करणे, एवढेच करायचे असते. ज्या दिवशी आतला आकडा मुखाच्या आकड्यापेक्षा वर गेला, त्या दिवसापासून आपली जागा बदलावी.

वेळेची गोष्ट

उन्हाळ्यात पहाटे उठून जाणाऱ्यांना हिवाळ्यात ही सवय सोडणे जड जाते. उथळ पाणी रात्रभर निवत राहते आणि ते सर्वांत गार असते ते सूर्योदयाच्या आसपास. सर्वांत उबदार असते ते दुपार कलल्यावर. त्यामुळे थंडीत पहाटेचे चार तास बहुधा फुकट जातात आणि दुपारनंतरचे दोन तास दिवस सार्थकी लावतात. अपवाद आहेच: ज्या जाती अंधारात खातात त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ टाळू नये.

दिवसाची ही वेळ आणि भरती-ओहोटीची वेळ यांची सांगड घालावी लागते. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, तेथे तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे साधारण एक आठवडा दुपारी ओहोटी मिळते आणि पुढचा आठवडा दुपारी भरती मिळते. हिवाळा सरताना जर दुपारची ओहोटी हवी असेल, तर तक्ता पाहून तो आठवडा आधीच ठरवता येतो. पाणी केव्हा जोरात वाहील याचा ढोबळ अंदाज बाराव्या भागाच्या नियमाने येतो: ओहोटीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २ आणि १ असे बारावे भाग उतरते, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी निघून जाते. थंड पाण्यातला मासा त्या जोराच्या प्रवाहात उभा राहून शक्ती खर्च करत नाही. तो प्रवाहाच्या कडेला, एखाद्या वळणाच्या किंवा दगडाच्या आडोशाला थांबतो. आमिष त्या आडोशाच्या काठावरून गेले पाहिजे. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येणाऱ्या उधाणात हा जोर सर्वाधिक असतो. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांमधल्या सौम्य भरती-ओहोटीच्या, दिवसांत तो कमी असतो आणि मला स्वतःला हिवाळ्यात भांगाच्या आसपासचे दिवस अधिक सोयीचे वाटतात, कारण गार पाण्याची ये-जा त्या दिवसांत कमी होते.

उत्तर गोलार्धात हिवाळ्यातले ऊन दक्षिणेकडून तिरपे येते, म्हणून खाडीचा उत्तरेकडील काठ अधिक तापतो आणि उत्तरेचा वारा असेल तर तोच काठ आडोशालाही असतो. दक्षिण गोलार्धात हे उलटे समजावे.

आता आमिष, आणि त्याहून आधी त्याचा वेग

तापमान, पातळी, प्रवाह आणि वेळ जुळूनही मासा लागत नसेल, तरच हाताकडे पाहावे. थंड माशाला आमिषाचा पाठलाग करायचा नसतो. ते त्याच्या तोंडासमोर आले पाहिजे आणि तेथे थोडा वेळ राहिले पाहिजे. म्हणून जिग किंवा इतर कृत्रिम आमिष तळापासून जेमतेम वीतभर उचलून पुन्हा खाली जाऊ द्यावे आणि १० ते १५ सेकंद अजिबात हलवू नये. हे सांगायला सोपे असले तरी करायला कठीण आहे, कारण थंडीने आखडलेला हात आपोआप वेगाने रीळ फिरवू लागतो. मनातल्या मनात आकडे मोजणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

वेग कमी करायचा तर वजन कमी करावे लागते. १० ग्रॅमच्या जागी ५ ग्रॅम वापरले की आमिष सावकाश बुडते. त्यातच थंड पाणी स्वतः दाटसर असते: ५ अंशांच्या पाण्याची स्निग्धता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, २५ अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक असते. पण प्रवाह जोराचा असेल तर हलके आमिष तळापर्यंत पोचतच नाही आणि वरच्या थरातून निघून जाते. तेव्हा तळाला टेकण्याइतके आणि त्याहून किंचित जास्त एवढेच वजन हवे. प्रवाह मंदावला की वजन पुन्हा उतरवावे. एका वजनावर दिवस काढणे ही हिवाळ्यातली नेहमीची चूक आहे.

मऊ प्लास्टिकची आमिषे थंडीत कडक होतात आणि ज्या शेपटीने पाण्यात लवलवायचे ती काडीसारखी ताठ राहते. अशी आमिषे आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावीत. खरेदी करतानाच अधिक मऊ प्रकार निवडणे त्याहून बरे. खऱ्या आमिषाचा तुकडा उन्हाळ्यापेक्षा लहान असावा, आणि तो वरचेवर बदलावा, कारण गार पाण्यात वास मुळातच सावकाश पसरतो आणि धुऊन निघालेला तुकडा तर काहीच सांगत नाही.

हिवाळ्यात पाण्यातील सूक्ष्म जीवसृष्टी पुष्कळदा कमी झालेली असते, त्यामुळे वारा पडल्यावर पाणी नितळ होते. नितळ पाण्यात माशाला जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा दोऱ्याचा शेवटचा तुकडा, दिसतो. लीडर लांब आणि एक आकार बारीक घ्यावा. वारा नुकताच थांबला असेल आणि पाणी अजून गढूळ असेल तर याची गरज नसते, आणि तेव्हा वासाच्या आमिषावर भर द्यावा.

मासा लागतो आहे, पण कळत नाही

ही शक्यता लोक मान्य करायला तयार नसतात, कारण तिच्यात दोष आपल्याकडे येतो. थंड पाण्यातला मासा आमिष झडप घालून घेत नाही. तो ते तोंडात घेऊन तसाच थांबतो. हाताला हिसका जाणवत नाही, फक्त दोरा किंचित जड झाल्यासारखा वाटतो, जणू गळाला ओले पान अडकले आहे. असा जडपणा जाणवला की काठी झटक्याने न उचलता सावकाश ताणत न्यावी. समोरून सजीव हालचाल आली तर गळ तेवढ्यानेच बसतो.

या जडपणाची जाणीव दोन गोष्टी मारून टाकतात. पहिली म्हणजे वाऱ्याने दोऱ्याला आलेला फुगवटा. काठीचे टोक पाण्याजवळ खाली ठेवावे, वाऱ्याच्या दिशेला तोंड किंवा पाठ येईल असे उभे राहावे, आणि दोरा पाण्यावर पडल्याबरोबर सैल भाग गोळा करावा. दुसरी गोष्ट म्हणजे दोऱ्याची जात. नायलॉनचा एकेरी दोरा ताणला जातो आणि थंडीत कडक होऊन रिळावरच्या वेटोळ्यांचा आकार धरून ठेवतो. ती वेटोळी सरळ होईपर्यंत माशाने आमिष थुंकलेले असते. विणलेला ब्रेडेड दोरा जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून जाणीव स्पष्ट मिळते, पण तो पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो आणि वारा त्याला चटकन फुगवतो. फ्लुओरोकार्बनचा लीडर पाण्यापेक्षा बराच जड असल्याने ब्रेडेड दोऱ्याच्या टोकाला तो जोडला की ही अडचण पुष्कळशी सुटते. हवा शून्याखाली असेल तर मात्र ब्रेडेड दोरा पाणी वर घेऊन येतो आणि काठीच्या कड्यांमध्ये बर्फ साठतो. त्या दिवशी नायलॉनच पत्करावा आणि जाणिवेची उणीव सोसावी.

रिळाच्या बाबतीत एकच तपासणी पुरे. जुने, दाट ग्रीस थंडीत घट्ट होते, हँडल जड फिरते आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा हळूहळू सोडणारा रिळाचा ब्रेक) सुरुवातीला चिकटून बसून मग एकदम सुटतो. बारीक लीडर नेमका त्या पहिल्या हिसक्याला तुटतो. पहिला गळ टाकण्याआधी ड्रॅग सैल करून दोरा हाताने दोन-तीनदा ओढून पाहावा आणि मग हवा तेवढा आवळावा. घरी परतल्यावर ड्रॅगच्या चकत्यांवरचा दाब पूर्ण सोडून ठेवावा.

कधी थांबावे

काही दिवशी उपाय नसतो. मासे पृष्ठभागाजवळ आडवे होऊन तरंगत असतील, हात लावेपर्यंत हलत नसतील, तर ते सोपे भक्ष्य नसून थंडीने बधिर झालेले मासे आहेत. फेब्रुवारी २०२१ मधील थंडीच्या लाटेत अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर, मुख्यतः उथळ खाड्यांमध्ये, किमान ३८ लाख मासे मेल्याचा अंदाज तेथील वन्यजीव विभागाने दिला होता. अशा घटनेत जे मासे वाचतात ते खोल चरात एकवटलेले आणि अशक्त असतात, आणि पुढच्या हंगामाची वीण त्यांच्यावरच अवलंबून असते. अशा दिवशी चरात गळ टाकू नये, मग नियमाने बंदी असो वा नसो. एरवीही सोडून द्यायचा मासा गोठणाऱ्या हवेत धरून ठेवू नये, कारण कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांना काही क्षणांतच इजा होते. गळ पाण्यातच काढावा.

दुसरी मर्यादा आपल्या शरीराची आहे. गोठण्याच्या जवळ असलेल्या पाण्यात पडल्यावर श्वासावर ताबा यायला सुमारे १ मिनिट जाते, हातापायांच्या कामाच्या हालचाली सुमारे १० मिनिटे शक्य राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे बुडणारा बहुधा थंडीने गोठून नव्हे, तर पहिल्या मिनिटातील धापेने किंवा हात चालेनासे झाल्याने बुडतो. जीवरक्षक जाकीट अंगावर असेल तरच हा हिशोब आपल्या बाजूने वळतो, ते होडीच्या फळीखाली असून उपयोग नाही. पाण्यात उतरून गरवणाऱ्याने वेडर पँटचा कमरपट्टा घट्ट बांधावा, म्हणजे पडल्यास आत पाणी झपाट्याने भरत नाही, आणि काठावरच्या नरम चिखलात एकट्याने शिरू नये.

या दोन्ही मर्यादा आड येत नसतील आणि वरील सारे तपासूनही दोरा गप्पच असेल, तर तळाच्या पाण्याचा आकडा आणि वेळ वहीत लिहावी आणि घरी जावे. थंडीची लाट ओसरल्यानंतर वारा पडलेला, ऊन स्वच्छ असलेला सलग दुसरा किंवा तिसरा दिवस निवडावा, दुपारी त्याच चराच्या कडेला पुन्हा मोजावे, आणि आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा अर्धा अंश जरी वर असला तर डब्यातले काहीही न बदलता पहिल्या दिवशीचेच आमिष तळाला टेकवून पंधरा सेकंद मोजावेत.